प्रमोदिनीकाकूंच्या अंगणातला वाद

लंडनच्या वेम्बली स्टेडियमपासून चालत दहा-बारा मिनिटांवर एका शांत रस्त्यावर प्रमोदिनी टिपणीस राहतात. इथल्या महाराष्ट्र मंडळातले आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. मी हॅरोला राहते, त्यामुळे कार्यक्रमांना जाताना त्यांना गाडीत घेण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पुढे सांगते आहे ते बरंचसं त्या गाडीतल्या गप्पांमधून कळलेलं, आणि थोडं मी स्वतः पाहिलेलं.

काकू हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान शशीकाका भूलतज्ज्ञ होते. ऐंशीच्या दशकात दोघं इकडे आले, वेम्बलीत घर घेतलं आणि तिथेच राहिले. एकुलती एक मुलगी कस्तुरी केंब्रिजला एका औषधांच्या कंपनीत संशोधन करते. नवरा, छोटी मायरा, कामाच्या वेळा, यातून तिला महिन्यातून एखादा रविवार जमतो.

काका-काकूंचं एकमेकांशी पटायचं नाही असं कोणालाही वाटलं असतं. काकूंनी खिडकी उघडली की काका म्हणत गार होतंय, लावून घेतली की म्हणत कोंदट झालंय. आमटीतलं मीठ, लेबर पार्टी, साउथॉलला कुठल्या रस्त्याने जायचं, कस्तुरीचं नाव कोणी सुचवलं, एकही विषय असा नव्हता की ज्यावर दोघांचं एकमत आहे. जेवणाच्या टेबलावर सुरू झालेलं बोलणं अंथरुणात पडेपर्यंत चालायचं. आवाज चढायचा नाही, पण हार कोणी मानायचं नाही.

एका फेब्रुवारीत काका हृदयविकाराने गेले. त्यानंतरच्या दिवसांबद्दल काकू मला एकदा म्हणाल्या, "नीना, लोक फार चांगले वागले गं. तेच जड गेलं."

मला तेव्हा अर्थ कळला नाही. हळूहळू कळला. काकूंच्या म्हणण्याला आता सगळेच मान डोलवायचे. मंडळात त्यांनी काही सुचवलं की "हो काकू, छानच." शेजारचे गुजराती पटेलभाई, "बराबर छे, बेन." कस्तुरी फोनवर म्हणायची, "हो आई. तू बरोबर बोलते. तुला जसा वाटेल तसा कर." कस्तुरीचं मराठी इथे वाढलेल्या मुलांसारखं आहे, त्याचं काकूंना काही वाटत नसे. पण एकदा त्यांनी मुद्दाम, मायराला मोठी झाल्यावर शाळेत घालू नको, घरीच शिकव असं सांगून पाहिलं. कस्तुरी म्हणाली, "ओके आई, आम्ही विचार करू." काकूंनी फोन ठेवून दिला.

काकांची गाडी विकली आणि घरापुढचा ड्राइव्हवे रिकामा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर साठीच्या आसपासचे दोन गोरे गृहस्थ उभे. एक उंच, हडकुळा, चष्मा लावलेला. दुसरा बुटका, लाल गालांचा. उंच माणसाने आधी माफी मागितली आणि मग विचारलं, सामना संपेपर्यंत गाडी इथे लावू दिलीत तर बरं होईल.

स्टेडियमजवळ राहणाऱ्यांना हे नवं नाही. सामन्याच्या दिवशी सगळे रस्ते परवानावाल्यांसाठी राखून ठेवतात, आणि बाहेरगावचे लोक लोकांच्या घरापुढे जागा शोधत फिरतात. काकूंनी हो म्हटलं. सामना कसला, हेही त्यांनी विचारलं नाही.

सामना अमेरिकन फुटबॉलचा होता. हेल्मेट घातलेले, खांद्यांवर पॅड चढवलेले धिप्पाड लोक लांबुळक्या चेंडूसाठी एकमेकांवर आदळतात तो खेळ. ऑक्टोबर आला की अमेरिकेतले संघ समुद्र ओलांडून इथे एखाद-दुसरा सामना खेळायला येतात आणि देशभरातले त्यांचे चाहते वेम्बलीत जमतात. हे दोघे लंडनपासून तीन तासांवरच्या लिंकनहून आले होते. उंच तो ग्रॅहम, घरोघरचे बॉयलर दुरुस्त करणारा. बुटका तो डेस, एका शाळेचा केअरटेकर. तरुणपणी चॅनेल फोरवर हा खेळ दाखवायला लागले तेव्हापासून दोघांना त्याचं वेड. त्यांच्या गावात दुसऱ्या कोणालाच ते नव्हतं, म्हणून दोघांची मैत्री झाली.

सामना संपल्यावर रस्ते मोकळे व्हायला दीड-दोन तास लागतात. गाडी काढून उपयोग नसतो. दोघांनी डिकीतून घडीच्या खुर्च्या काढल्या, ड्राइव्हवेच्या कडेला मांडल्या आणि भांडायला सुरुवात केली. काकू जाळीच्या पडद्याआडून बघत होत्या. आधी त्यांना वाटलं, खरंच भांडण लागलंय. मग लक्षात आलं, दोघं मजेत आहेत.

काकू चहा घेऊन बाहेर गेल्या. सोबत चिवडा होता. डेसने चिवड्याची वाटी मांडीवर घेतली ती परत दिली नाही.

असं दर ऑक्टोबरात व्हायला लागलं. ग्रॅहम आधी फोन करायचा, "मिसेस टी, जागा आहे ना?" सकाळी दोघं यायचे, गाडी लावून जायचे, संध्याकाळी येऊन खुर्च्या मांडायचे. पाऊस असला तर काकू त्यांना पुढच्या खोलीत घ्यायच्या. एका वर्षी डेसने चहाचे कप आणि बशा मांडून काकूंना खेळ समजावला. चेंडू आपल्याकडे असला की चार संधी. त्या चार संधींत दहा यार्ड पुढे सरकलं की नव्या चार संधी, नाहीतर चेंडू समोरच्यांना. सरकायचं दोन तऱ्हांनी, चेंडू पोटाशी धरून पळायचं किंवा लांब फेकून आपल्या माणसाने झेलायचा. पळणारा मैदानात पडला तर घड्याळ चालू राहतं. फेकलेला चेंडू कोणी झेलला नाही, किंवा शेवटच्या मिनिटांत खेळाडू रेषेबाहेर गेला, तर घड्याळ थांबतं.

"म्हणजे पुढे असलेल्याला वेळ घालवायचा असतो आणि मागे असलेल्याला वाचवायचा असतो," काकू म्हणाल्या.

"बस, एवढंच," डेस म्हणाला. "बाकी सगळं आमच्यासारख्यांना भांडायला ठेवलंय."

तेव्हापासून काकू रविवारी संध्याकाळी सहाचा सामना बघायला लागल्या. पहिल्या हिवाळ्यात निम्मं कळत नव्हतं. दुसऱ्या हिवाळ्यात प्रशिक्षकाने कुठली चाल सांगायला हवी होती याबद्दल त्यांची मतं तयार व्हायला लागली. घड्याळ थांबवायचे तीन टाइमआउट हातात असताना हा माणूस ते खिशात घेऊन घरी का जातो, असं त्या टीव्हीला विचारायच्या. टीव्ही उत्तर देत नसे. मंडळाच्या दिवाळीत त्यांनी एकदा मनीषाला सांगून पाहिलं की शेवटच्या दोन मिनिटांत पेनल्टी, म्हणजे नियम मोडल्याबद्दल समोरच्यांना फुकट मिळणारे यार्ड, किती महागात पडते. मनीषाने ऐकून घेतलं, मग त्यांचा हात दाबून म्हणाली, "बरं आहे काकू, मन रमतं ना." गाडीत काकू मला म्हणाल्या की तिने निदान हा खेळ भिकार आहे एवढं तरी म्हणायला हवं होतं.

मीही काही वेगळी नव्हते. मीसुद्धा हं हं करत गाडी चालवत होते.

वर्षभराची मतं काकू ऑक्टोबरासाठी साठवून ठेवायच्या. पण ऑक्टोबर आला, दोघं अंगणात बसले, की काकूंची जीभ उचलायची नाही. ते तरुणपणापासून बघत आलेले, आपण कालच्या. काकू ट्रे घेऊन उभ्या राहायच्या, ऐकायच्या आणि आत यायच्या. तेवढ्यानेही त्यांचा पुढचा आठवडा बरा जायचा.

करोनाच्या आधीच्या शेवटच्या ऑक्टोबरात ते घडलं. काकू घरी टीव्हीवर सामना बघत होत्या. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे असतं, त्यामुळे स्टेडियममधली आरोळी आधी खिडकीतून यायची आणि ती कशासाठी होती ते नंतर दिसायचं. ग्रॅहम आणि डेसचा संघ चार गुणांनी पुढे होता. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता, समोरच्यांकडे एकही टाइमआउट नव्हता. तिसरी संधी, सहा यार्ड हवे होते. सहा यार्ड मिळाले की सामना खिशात. पळत गेले असते तर मिळाले नसते कदाचित, पण घड्याळ तरी चाललं असतं. प्रशिक्षकाने फेकायला सांगितलं. चेंडू जमिनीवर पडला. घड्याळ थांबलं. चौथ्या संधीला चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना द्यावा लागला, आणि त्यांच्या चढाईत या दोघांच्या संघातल्या बचाव करणाऱ्याने झेलणाऱ्याचा हात धरला म्हणून पेनल्टी लागली. ते एकदम पुढे आले आणि शेवटच्या क्षणी गोल रेषेपलीकडे गेले. बाहेरची आरोळी इतकी मोठी होती की काकूंनी चित्राची वाट न बघता किटली लावली.

दोघं परत आले ते गेटपासूनच भांडत आले. ग्रॅहमचं म्हणणं, शेंबड्या पोरालाही कळलं असतं, चेंडू धरून पळायचं, चाळीस सेकंद घालवायचे. डेस म्हणत होता, एका झेलात सामना संपत होता, भिऊन कशाला खेळायचं, हरवलं ते त्या पेनल्टीने. नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी हरल्याचं दुःख होतं आणि दोघांनी स्टेडियममध्ये बियर घेतली होती. काकू ट्रे घेऊन दारात आल्या तेव्हा ग्रॅहम उभा होता.

"तुला नुसतं धरून बसता कधी आलंच नाही," तो म्हणाला. "ना चेंडू, ना नोकरी, ना लिंडा."

लिंडा ही डेसची बायको. ती दहा वर्षांपूर्वी त्याला सोडून गेली होती, हे काकूंना नंतर कळलं. डेसने हातातला कप कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. खुर्ची घडी करून डिकीत टाकली आणि गाडीत जाऊन बसला. रस्ता अजून बंद होता. अर्धा तास तो गाडीत आणि ग्रॅहम बाहेर, असे बसून राहिले. काकूंच्या मनात एक गोष्ट होती, ती अगदी ओठांवर आली होती. पण ही वेळ खेळाबद्दल बोलायची नव्हे असं वाटून त्या आत गेल्या. जाताना ग्रॅहम काच खाली करून म्हणाला, पुढच्या वर्षी भेटू.

पुढच्या वर्षी जग बंद होतं. त्याच्या पुढच्या वर्षी सामने उत्तर लंडनच्या दुसऱ्या मैदानावर झाले, वेम्बलीला नाही. काकूंनी दोन हिवाळे एकटीने सामने बघितले. लॉकडाउनमध्ये मी त्यांच्या दारात किराणा ठेवायचे आणि फाटकाबाहेरून बोलायचे. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "आज बोलताना आवाज फुटेना. मग लक्षात आलं, गुरुवारपासून कोणाशी बोललेच नव्हते."

तिसऱ्या ऑक्टोबरात ग्रॅहमचा फोन आला. जागा आहे ना? काकूंनी सकाळी उठून चिवडा केला. ईलिंग रोडवरून मुद्दाम पातळ पोहे आणले होते.

गाडीतून ग्रॅहम एकटाच उतरला. खूप वाळला होता. काकूंनी गाडीत दुसऱ्या बाजूला पाहिलं, त्यांच्या नजरेकडे पाहून तो म्हणाला, "डेस गेला, मिसेस टी. करोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात." मग घड्याळ बघून सामन्याला निघून गेला.

संध्याकाळी तो परत आला, एकच खुर्ची काढून बसला. त्या दिवशीचा सामनाही शेवटपर्यंत अटीतटीचा झाला होता, पण तो काही बोलत नव्हता. काकूंनी चहा आणला. स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून बाहेर आणली आणि त्याच्याशेजारी बसल्या. इतक्या वर्षांत त्या अंगणात पहिल्यांदाच बसल्या.

थोड्या वेळाने ग्रॅहम आपणहून बोलायला लागला. त्या दिवशी लिंकनला पोहोचेपर्यंत दोघं एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. डेस म्हणाला, जाऊ दे. पुन्हा रविवारी एकत्र सामने बघायला लागले.

"पण त्यानंतर आम्ही कधी भांडलो नाही," ग्रॅहम म्हणाला. "मी काही म्हटलं की तो म्हणायचा, असेल. तो काही म्हणाला की मी म्हणायचो, बरोबर आहे तुझं. दोघंही इतके जपून वागलो. मग लॉकडाउन लागला, मग तो गेला. हॉस्पिटलात जाऊ दिलं नाही. शेवटचं मी त्याला मेसेजवर काय लिहिलं माहीत आहे? बरोबर आहे तुझं."

काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा आमची गाडी सिग्नलला उभी होती आणि हिरवा झाला तरी मी हलले नव्हते. मागच्याने हॉर्न वाजवला.

अंगणात मात्र काकूंनी ग्रॅहमची समजूत घातली नाही. म्हणाल्या, "त्या शेवटच्या वर्षीच्या सामन्यात तुम्ही दोघंही चुकलात."

"म्हणजे?"

"तिसऱ्या संधीवरून भांडत होतात. चूक त्याआधी झाली. दोन खेळ्या आधी तुमचा पळणारा रेषेबाहेर गेला आणि घड्याळ थांबलं. आत पडला असता तर पाऊण मिनिट तिथेच गेलं असतं. मग फेका नाहीतर पळा, पुढचं सगळं घडायला वेळच उरला नसता."

ग्रॅहमने चष्मा काढला. "तो गेला नाही बाहेर. ढकलला त्याला."

"स्वतः गेला. टीव्हीवर तीनदा दाखवलं. तुम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसला होतात."

"मी पन्नास यार्डांवर होतो."

"मी दोन फुटांवर होते. टीव्हीपासून."

ग्रॅहम खुर्ची वळवून बसला. त्याचं म्हणणं, बाहेर गेला असं धरलं तरी प्रशिक्षकाचा गुन्हा कमी होत नाही. काकू म्हणाल्या की मग प्रशिक्षकाने त्या पळणाऱ्याला आत राहा म्हणून सांगितलं का नाही, हा गुन्हा धरा. ग्रॅहम म्हणाला, ते सांगायची गरज नसते. काकू म्हणाल्या, सगळ्यांना सगळं सांगायची गरज असते. मग पेनल्टीवर आले. काकूंना पेनल्टी योग्य वाटली होती, ग्रॅहमला अजिबात नाही. डेस आज असता तर तुमच्या बाजूने बोलला असता, असं ग्रॅहम म्हणाला, आणि काकूंनी तेही मानलं नाही. म्हणाल्या, "तो माझ्याशीही भांडला असता. त्याचं म्हणणं तिसरंच होतं."

अंधार पडला, रस्ते मोकळे झाले, गाड्या सुरळीत जायला लागल्या, तरी ग्रॅहम उठला नाही. शेवटी उठला तेव्हा काकूंचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला.

त्या हिवाळ्यापासून दर रविवारी सामना संपला की त्याचा फोन यायचा. तो लिंकनला बघायचा, त्या वेम्बलीला. अर्धा-पाऊण तास वाद चालायचा. काकूंच्या अंगावर मांस चढलं असं मी म्हणेन. सोमवारी मला भेटल्या की डोळे चमकत असायचे. "काल मी त्याला निरुत्तर केलं," म्हणायच्या, किंवा "काल हरले, पण मान्य केलं नाही." आमच्याशीही जरा वाकड्यात शिरायला लागल्या. मंडळाच्या बैठकीत अतुलने हॉलचं ठिकाण बदलायचं ठरवलं तेव्हा काकूंनी त्याला अर्धा तास उभं केलं. तो दमून म्हणाला की ह्यांना झालंय काय.

कस्तुरीला कुणकुण लागली तशी ती घाबरली. "आई, हा ग्रॅहम कोण आहे? तू त्याला तुझा बँक डिटेल्स दिला नाही ना?" तिने विचारलं. काकूंनी सांगितलं, आम्ही फुटबॉलवरून भांडतो. कस्तुरीला ते पटलं नाही, पण नेहमीप्रमाणे म्हणाली, ओके आई.

पुढच्या ऑक्टोबरातही ग्रॅहम आला. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात आला नाही. फोनवर म्हणाला, गाडी चालवायला डॉक्टरांनी बंदी केलीय, डोळ्यांचं काहीतरी. काकूंनी ड्राइव्हवे दुसऱ्या कोणाला तरी दिला. एक तरुण जोडपं होतं. सामना संपल्यावर दोघं गाडीत बसून आपापल्या फोनमध्ये बघत राहिले. काकूंनी चहा विचारला, ते अगदी नम्रपणे नको म्हणाले.

रविवारचे फोन चालू होते, पण त्यांचा रंग बदलत होता. आधी ग्रॅहम नावं विसरायला लागला, ते काकूंना वयाचं वाटलं. मग एका रविवारी काकू म्हणाल्या की चौथ्या संधीला जुगार खेळायलाच हवा होता, आणि तो म्हणाला, "हो, बरोबर आहे तुमचं." काकूंना वाटलं, थकला असेल. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ख्रिसमसच्या आसपासचे सगळे रविवार तो हो म्हणत राहिला.

जानेवारीत काकूंनी लिंकनला जायचं ठरवलं. मी सोबत येते म्हटलं, तर मला उडवून लावलं. कस्तुरीला सांगितलंच नाही. किंग्ज क्रॉसहून निघाल्या, न्यूअर्कला गाडी बदलली, स्टेशनजवळ एका रात्रीपुरती खोली घेतली. वय बहात्तर, गुडघ्याला पट्टा, पिशवीत चिवड्याचा डबा.

दार ग्रॅहमच्या बहिणीने उघडलं. मॉरीन तिचं नाव. ती शेजारच्या गल्लीत राहायची आणि आता रोज यायची. दारातच हळू आवाजात तिने सांगितलं की विसरण्याचा आजार आहे. तुमचं नाव त्याला आठवतं, वेम्बली आठवतं. डेस गेल्याचं मात्र कधी आठवतं, कधी नाही.

ग्रॅहम खुर्चीत नीटनेटका बसला होता, अंगात संघाची जुनी जर्सी. काकूंना पाहून उठला, "मिसेस टी, जागा आहे ना?" म्हणाला आणि हसला. सहा वाजता सामना लागला. काकू त्याच्याशेजारी बसल्या. सामना चुरशीचा होता. शेवटच्या मिनिटांत प्रशिक्षकाने एक टाइमआउट उगाच घालवला, नंतर रांग चुकली म्हणून पाच यार्डांची पेनल्टी लागली, मग घड्याळ संपत आलं असताना खांबांमधून सोपी किक मारून तीन गुण घ्यायचे सोडून आणखी एक खेळी केली. भांडायला याहून जास्त काय हवं?

"किक मारायला हवी होती," काकू म्हणाल्या.

"हो," ग्रॅहम म्हणाला. "बरोबर आहे."

काकूंनी बाजू पालटली. "नाही, मला वाटतं केलं तेच योग्य केलं. किक मारणं म्हणजे भित्रेपणा."

"हो," तो तितक्याच प्रेमाने म्हणाला. "बरोबर आहे तुमचं."

काकूंनी अजून एकदा प्रयत्न केला. म्हणाल्या, डेस त्या दिवशी बरोबर होता, तुम्ही साफ चुकलात. ग्रॅहमच्या कपाळाला आठी पडली. तो टीव्हीकडे बघत राहिला. काकू वाट बघत होत्या. मग ती आठी गेली. "डेस नेहमी बरोबरच असतो," तो म्हणाला, आणि चिवड्याची वाटी त्याने काकूंच्या पुढे केली.

मॉरीन त्यांना खोलीपर्यंत पोहोचवायला आली. वाटेत म्हणाली, तो हल्ली किती शांत झालाय, आधी फार हट्टी होता. काकूंनी तिचे आभार मानले.

सोमवारी दुपारी मी त्यांना किंग्ज क्रॉसवर घ्यायला गेले. गाडीत बसल्या, पट्टा लावला, आणि हे सगळं मला त्यांनी सरळ आवाजात सांगितलं. मी म्हटलं, काकू, फार वाईट झालं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे असंच म्हणणार." 

त्या संध्याकाळी त्यांनी कस्तुरीला फोन करून सगळं सांगितलं. कस्तुरी रडली, म्हणाली, आमच्याकडे ये राहायला, गार्डनमध्ये खोली बांधू. काकू म्हणाल्या की बघू. अजून बघताहेत. मायरा आता दहा वर्षांची आहे आणि तिला आजीचा खेळ मूर्खपणाचा वाटतो, असं ती व्हिडिओ कॉलवर तोंडावर सांगते. ते एक काकूंना आवडतं. पण पोरीला शाळेनंतर शंभर क्लासेस, पाच मिनिटांत कॉल संपतो.

ग्रॅहमला फोन मात्र त्यांनी थांबवला नाही. आता त्याच्याकडून येत नाही, म्हणून त्याच करतात, मध्यंतरात एकदा आणि संपल्यावर एकदा. मॉरीन त्याच्या कानाला फोन लावते. ह्या हिवाळ्यात दोनदा तो "नाही" म्हणाला. एकदा "साफ मूर्खपणा" असंही म्हणाला, आणि मग कशाबद्दल ते विसरला. दोन्ही वेळा काकूंनी मला लगेच कळवलं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. बाहेर बारीक पाऊस होता, हीटर लावलेला. मला खेळातलं अजूनही फारसं कळत नाही. मध्यंतर झालं तशी काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि फोन लावला. पहिल्या अर्ध्यात शेवटचे वीस सेकंद कसे वाया घालवले ते त्यांनी ग्रॅहमला तपशिलात सांगितलं, मध्ये एक पेनल्टी कशी चुकीची होती तेही. मग थांबल्या. पलीकडचं ऐकलं. "बरं," म्हणाल्या, "संपल्यावर करते."

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"हो म्हणाला."

त्यांनी रिमोट घेऊन आवाज वाढवला. दुसरा अर्धा अजून सुरू व्हायचा होता.